वाकड्या सपाटीचं गाव

वाईच्या शाळेत मी सत्तावीस वर्षं भूगोल शिकवला. त्यात युक्रेन म्हणजे काळी माती, गहू आणि कोळसा, संपलं. परीक्षेत जोड्या लावायला बरा. लेक मेडिकलला इव्हानो-फ्रान्किव्स्कला गेली तेव्हा नकाशा पहिल्यांदा नीट उघडला. एवढ्या हिरव्यागार सपाट देशाच्या पश्चिमेला, अगदी कोपऱ्यात, तपकिरी रंगाचा एक पट्टा होता. कार्पेथियन पर्वत. मुलांना तो कधी दाखवला होता का, आठवत नाही.

लेक चौथ्या वर्षाला असताना मी तिकडे गेलो. दोन दिवस तिने दांडी मारली, शनिवार-रविवार होतेच. "बाबा, चर्चं पुष्कळ बघितलीत, आता डोंगर," म्हणाली. गाव तिनेच शोधलं होतं: क्रिवोरिव्न्या.

शुक्रवार, 20 सप्टेंबर 2019

सकाळी सातला मार्शरुत्का. मार्शरुत्का म्हणजे आपली वडाप, फक्त जीपऐवजी मिनीबस. गर्दी तेवढीच, ड्रायव्हरची घाई तेवढीच, पैसे मात्र मागच्या सीटवरून हातोहात पुढे जातात आणि उरलेली चिल्लर त्याच वाटेने परत येते. एक नाणंही गळलं नाही.

इव्हानो-फ्रान्किव्स्क ते क्रिवोरिव्न्या साधारण सव्वाशे किलोमीटर. कोलोमियापर्यंत जमीन सरळ, मक्याची आणि बटाट्याची शेतं. कोसिव आलं की डोंगर सुरू. तिथे दुसरी गाडी. ती आम्हाला याव्होरिव नावाच्या गावात थोडं फिरू देणार होती, असा माझ्या लेकीचा समज होता. ड्रायव्हरचा समज वेगळा होता. आम्ही उतरलो आणि गाडी निघून गेली. पुढची दोन तासांनी.

झालं ते बरंच झालं. याव्होरिव हे लिझ्निकचं गाव. लिझ्निक म्हणजे मेंढीच्या लोकरीचं जाडजूड पांघरूण. ओढ्याच्या कडेने चालत गेलो तर पाण्याचा धो-धो आवाज. फळ्यांचा एक मोठा पिंप जमिनीत अर्धा पुरलेला, वरून लाकडी पन्हळीतून पाण्याची धार जोरात आत कोसळते आणि त्या भोवऱ्यात चार-पाच पांघरुणं गरागरा फिरतायत. याला वालिलो म्हणतात. मागावरून लिझ्निक उतरतं तेव्हा ते विरळ असतं, पलीकडचं दिसतं. मग ते तासन्‌तास या पाण्यात फिरवायचं. साबण नाही, काही नाही. गार पाण्याच्या माराने लोकरीचा धागा धाग्यात गुंततो, कापड आटतं, जाड होतं. मग वाळवून केस पिंजून वर काढायचे. आपल्याकडे घोंगडीला चिंचोक्याची खळ लावून ताठ करतात. इथे खळ नाही, नुसती नदी राबते. एक बाई लांब काठीने आतली पांघरुणं ढोसत उभी होती. लेकीने विचारलं, वॉशिंग मशीनमध्ये होईल का? ती इतकी हसली की काठी सुटायची राहिली. "वाहतं पाणी," एवढंच म्हणाली.

एक करड्या-पांढऱ्या पट्ट्यांचं लिझ्निक घेतलं. आपल्या हिशेबाने तीन हजार रुपये. वजन इतकं की पुढचे चार दिवस माझी पाठ ते विसरू शकली नाही.

दुसरी गाडी बुकोवेत्सच्या खिंडीतून पलीकडे उतरली. इथे मी खिडकीला नाक लावून बसलो. आपला सह्याद्री बेसाल्टचा, लाव्ह्याच्या थरांवर थर, म्हणून कडे उभे आणि माथे सपाट. हे डोंगर वालुकाश्म आणि शेल यांच्या आलटून-पालटून आलेल्या घड्यांचे. कठीण थर, मऊ थर, कठीण, मऊ. मऊ थर पावसात भिजला की वरचा घसरतो. त्यामुळे कडे फारसे नाहीत, उतार गोलसर, आणि रस्त्याला दर थोड्या अंतरावर डागडुजी.

खाली नदी दिसली: चोर्नी चेरेमोश, काळी चेरेमोश. पुढे हिला पांढरी चेरेमोश मिळते, ती जोडनदी प्रुतला, प्रुत डॅन्यूबला आणि डॅन्यूब काळ्या समुद्राला. युक्रेनचं पाणी म्हणजे नीपर असं शिकवणारा मी, इथल्या पाण्याला नीपर ठाऊकच नाही.

गावाच्या नावात 'क्रिव्ही' म्हणजे वाकडा आणि 'रिव्नी' म्हणजे सपाट. वाकडी सपाटी! नदीने वळण घेताना जी चिंचोळी जमीन टाकली तेवढीच काय ती सपाट, तीसुद्धा सरळ नाही. बाकी गाव डोंगरांवर विखुरलेलं. लोकसंख्या दीड हजाराच्या आसपास, पण 'गावात आलो' असं म्हणावं अशी जागाच सापडत नाही. एक घर इथे, मग कुरण, मग आडव्या वाशांचं कुंपण, गवताची खांबाभोवती रचलेली गंजी, मग पुन्हा एक घर वर ढगात. कोकणातल्या वाड्यांसारखं. प्रत्येक वाडीला प्रिसिलोक म्हणतात आणि प्रत्येकीचं नाव वेगळं.

आम्ही उतरलो ते एका आजींच्या घरी. वय पंच्याहत्तरच्या पुढे, डोक्याला रुमाल, पायात रबरी बूट. अंगणात लेकीने मला हाक मारली, "बाबा, बॅग इकडे आणा!" आजी थबकल्या. शेजारच्या कुंपणावरून दोघी जणी डोकावल्या आणि हसू फुटलं. युक्रेनियनमध्ये 'बाबा' म्हणजे आजी. मिशा असलेली, हातात पांघरुणाचं गाठोडं घेतलेली आजी गावात आली ही बातमी संध्याकाळपर्यंत वरच्या वाडीत पोचली होती.

"मग बापाला काय म्हणता?" मी विचारलं.

"तातो," आजी म्हणाल्या.

तात! मी खुर्चीवर बसलोच. मग जेवेपर्यंत तोच खेळ. दाराला द्वेरी, मधाला मेद, धुराला दिम, दोनला द्वा, तीनला त्री. मेंढीला विव्त्स्या म्हणाल्या. संस्कृतातली 'अवि' ती हीच. लेक कंटाळून झोपायला गेली.

जेवायला बानोश. मक्याच्या पिठाची उकड समजा, फक्त पाण्याऐवजी आंबट सायीत शिजवलेली. लाकडी चमच्याने एकाच दिशेने ढवळत राहायचं, कडेने तूप सुटेपर्यंत. वर मेंढीच्या दुधाचं खारट ब्रिंझा चीज आणि रानातल्या अळिंब्या. डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडेही घालतात. ते आजींनी आमच्यासाठी वेगळ्या वाटीत ठेवले आणि शेवटी स्वतःच संपवले.

शनिवार, 21 सप्टेंबर

पहाटे घंटा. आम्ही आलो ते नेमके गावच्या जत्रेला, आणि आम्हाला पत्ता नाही! इथलं लाकडी चर्च मेरीच्या जन्माला वाहिलेलं. जुन्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे तो सण 21 सप्टेंबरला येतो. या दिवसाला ख्राम म्हणतात. शब्दाचा अर्थ देऊळ. देवळाचा दिवस तोही ख्रामच.

चर्च वरून पाहिलं तर अधिक चिन्हासारखं, मधे एक घुमट. भिंतींचे ओंडके काळपट. आत उभं राहायचं, बसायला बाकं नाहीतच. जागा संपली की लोक बाहेर गवतात उभे. बायकांच्या अंगात भरतकामाचे सदरे, वर कातडी बंडी. तिला केप्तार म्हणतात. लोकर आत, कातडं बाहेर आणि त्यावर रंगीत दोऱ्यांची, पितळी टिकल्यांची नक्षी. भेटल्यावर 'नमस्ते' नाही, 'स्लावा इसू' म्हणायचं, येशूचा जयजयकार. उत्तर 'नावीकी स्लावा', सदासर्वदा. आपल्याकडे 'राम राम' म्हणतात तसंच, तेवढ्याच सवयीने, चालता चालता, समोरच्याकडे न बघता.

प्रार्थनेनंतर झेंडे आणि मूर्तिचित्रं घेऊन चर्चभोवती तीन प्रदक्षिणा. पायांनी आपोआप ताल धरला, मीही फिरलो. कोणी विचारलं नाही.

एका म्हाताऱ्याने लेकीला सांगितलं की खरं बघायचं तर नाताळात या. तेव्हा प्रत्येक वाडीचे पुरुष टोळी करून निघतात, त्यांच्या म्होरक्याला बेरेझा म्हणतात. हातात छोट्या कुऱ्हाडी, बरोबर व्हायोलिन, शिंग आणि त्रेंबिता. चर्चभोवती फिरून मग घरोघर गात जायचं, दोन आठवडे. घरातल्या प्रत्येकासाठी वेगळं गाणं, गेलेल्यांसाठीसुद्धा. त्याने घरातून त्रेंबिता आणून दाखवली. तीन मीटर लांब लाकडी कर्णा. वीज पडलेल्या झाडाचा सगळ्यात चांगला म्हणतात. खोड उभं चिरून आत पोकळ करायचं, पुन्हा जोडून वरून बर्चची साल गुंडाळायची. वजन मात्र नाममात्र. मी एका हाताने उचलली. फुंकली तर नुसती हवा गेली. म्हाताऱ्याने फुंकली तेव्हा समोरच्या डोंगरावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

दुपारी चढण चढून ग्राझ्दा पाहायला गेलो. ग्राझ्दा म्हणजे हुत्सूल लोकांचा, इथल्या डोंगरी लोकांचा, वाडा. राहतं घर, गोठा, कोठार यांच्या पाठी बाहेर आणि तोंडं आत, मधे दगडी फरशीचा चौक, वर उतरती छपरं, सगळ्याला एकच दार. बाहेरून नुसती लाकडी तटबंदी. हिवाळ्यात बर्फ कंबरभर आलं तरी गुरांकडे जायला अंगण मोकळं. शिवाय लांडगे आणि लुटारू दोन्ही बाहेर. इथे 1960 च्या दशकात सर्गेई पाराजानोव्ह यांनी त्यांच्या गाजलेल्या सिनेमाचं चित्रीकरण केलं, ही गोष्ट तिथल्या बाईंनी तीनदा सांगितली. खिडक्या इतक्या लहान की आत डोळे सरावायला वेळ लागतो. एका कोपऱ्यात भट्टी, तिच्यावरच झोपायची जागा. मी हात लावून पाहिला, गार होती. कितीतरी वर्षं तिच्यावर कोणी झोपलं नसणार.

रविवार, 22 सप्टेंबर

पाऊस. घरात बसण्यापेक्षा संग्रहालयं करू म्हटलं. एवढ्याशा गावात ती इतकी आहेत की आधी मला गंमत वाटली, मग कारण कळलं.

1772 पासून पहिल्या महायुद्धाच्या शेवटापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. पलीकडचा मोठा युक्रेन रशियाच्या. तिकडे 1876 च्या फर्मानाने युक्रेनियन भाषेत पुस्तकं छापण्यावर जवळजवळ बंदीच आली. इकडे छापता येत होती. म्हणून लिहिणारे लोक सीमा ओलांडून इकडे बघायचे, आणि ल्विवचे विद्वान उन्हाळ्यात हवा बदलायला डोंगरात यायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा मुक्काम क्रिवोरिव्न्यात असे. गावाला लोक 'युक्रेनियन अथेन्स' म्हणायला लागले. मेंढ्यांच्या लेंड्या चुकवत चालताना अथेन्स जरा जडच वाटतं, पण असो.

इव्हान फ्रान्को, ज्यांचं नाव 1962 मध्ये स्टानिस्लाव्ह शहराला दिलं गेलं आणि जिथे माझी लेक शिकत होती, ते इथे एका शेतकऱ्याच्या घरात उन्हाळे काढत. लोहाराचा मुलगा, मोठा कवी, आणि मासे पकडायचा भारी नाद. ते घर आता संग्रहालय आहे. तिकिटाला मी वीस रिव्नियाची नोट काढली. बाईंनी नोट उलटी करून माझ्यासमोर धरली. नोटेवर फ्रान्को! पन्नासच्या नोटेवर मिखाइलो ह्रुशेव्स्की, तेही इथलेच उन्हाळी पाहुणे. दोनशेवर लेस्या उक्राइन्का, त्याही 1901 च्या उन्हाळ्यात या भागात येऊन गेल्या. माझ्या पाकिटात अर्धं गाव होतं.

बाईंनी विचारलं, कुठून आलात? भारत म्हटल्यावर त्या लेकीशी भराभर बोलायला लागल्या. लेकीचा चेहरा बदलत गेला. "बाबा, त्या म्हणतायत की फ्रान्कोंनी एका भारतीय राजावर दीर्घकविता लिहिली आहे. राज्य दान केलं, बायको-मुलगा विकले..."

हरिश्चंद्र! मी जवळजवळ ओरडलोच. 1913 मध्ये फाळके पडद्यावर हरिश्चंद्र आणत होते, त्याच्या वीसेक वर्षं आधी या माणसाने तो युक्रेनियनमध्ये आणला होता. बाईंना फाळक्यांचं नाव सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं. त्यांच्या लिपीत ते कसं दिसतं तेही बघून घेतलं.

ह्रुशेव्स्की इतिहासकार, युक्रेनचा इतिहास दहा खंडांत लिहिणारे, पुढे 1917 मध्ये मध्यवर्ती रादाचे, म्हणजे युक्रेनच्या तेव्हाच्या संसदेचे, अध्यक्ष. त्यांचं इथे स्वतःचं घर होतं. 1914 मध्ये महायुद्ध पेटलं तेव्हा ते याच गावात होते. इथून निघून कीवला पोचले, तर रशियन पोलिसांनी अटक केली. युद्धात घर जळालं. आज उभं आहे ते नंतरचं. घर छान आहे, पण नवं लाकूड नवंच दिसतं, त्यामुळे आम्ही तिथे फार रेंगाळलो नाही. मिखाइलो कोत्स्युबिन्स्की रशियाच्या बाजूच्या चेर्निहिवहून 1910 पासून तीनदा आले, हुत्सूल लोकांत राहिले, आणि पाराजानोव्हचा सिनेमा ज्या कथेवर आहे ती लिहून गेले.

हे सगळे पाहुणे. गावातली म्हणावी अशी ती पारास्का प्लित्का-होरित्स्व्हीत. तिच्या घरी आम्ही शेवटी गेलो. आधी गेलो असतो तर बाकीचं बघितलंच नसतं.

जन्म 1927. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत सत्तेविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांना मदत केली म्हणून अटक, मग जवळजवळ दहा वर्षं छावण्यांत. परत आली ती पाय गारठून अधू झालेले. लग्न केलं नाही. या छोट्याशा घरात एकटी राहिली, चित्रं काढली, देवांची आणि गावकऱ्यांची. पुस्तकं लिहिली, म्हणजे खरोखर हाताने लिहिली, स्वतः रंगवली, स्वतः बांधली. कॅमेरा मिळवला आणि गावातला प्रत्येक माणूस टिपला: लग्नं, मयती, शाळेतली पोरं, कोकरू काखेत घेतलेल्या बायका. 1998 मध्ये ती गेली. कितीतरी वर्षांनी घरात निगेटिव्हच्या गुंडाळ्या सापडल्या, हजारो फोटोंच्या. आम्ही गेलो त्याच शरद ऋतूत कीवच्या मोठ्या कलादालनात तिचं प्रदर्शन व्हायचं होतं.

खोली काडेपेटीएवढी. भिंतीवर चित्रं, चित्रांवर चित्रं. आणि तिथे कळलं की तिच्या हस्तलिखितांत भारतावरची एक साहसकादंबरी आहे. भारत तिने कधी पाहिला नव्हता. कुठे वाचला असेल, कोणाकडून ऐकला असेल, देव जाणे. बर्फात अडकलेल्या या खोलीत, दिव्याखाली बसून, एक हुत्सूल बाई भारताची गोष्ट सुवाच्य अक्षरात लिहीत होती.

लेक दोन पानांच्या वर वाचू शकली नाही. अक्षर स्वच्छ होतं, पण बोली हुत्सूल.

त्या रात्री आजींना विचारलं, पारास्काला पाहिलं होतंत? "पाहिलं म्हणजे?" आजी उठल्या, कपाटातून एक फोटो काढला. भुवया आक्रसून बघणारी एक तरुण मुलगी, मागे गवताची गंजी. "हा तिनेच काढला. हलू नको म्हणाली. मी हललेच."

फोटो खरंच किंचित हललेला होता.

सोमवार, 23 सप्टेंबर

पाऊस थांबला. पिसानी कामिनला निघालो; बाराशे मीटरच्या आसपास उंचीवर डोंगरमाथ्यावरचा एक प्रचंड वालुकाश्म, वाऱ्यापावसाने खड्डे पडलेला. नावाचा अर्थ 'लिहिलेला दगड'. शतकानुशतकं लोकांनी त्यावर खुणा, नावं, क्रॉस कोरलेत. आजही कोरतात, एका 2017 सालच्या बदामाखाली दोन नावं होती. आपल्या गडांवर येऊन नावं लिहिणाऱ्यांची आठवण झाली. इथे मात्र दगडाचं नावच तसं, कोणाला काय बोलणार!

वाटेत धुकं उघडलं तेव्हा दक्षिणेला चोर्नोहोराची रांग दिसली. होव्हेर्ला, 2061 मीटर, युक्रेनमधलं सर्वोच्च शिखर, त्याच रांगेत. त्या उंचावरच्या कुरणांना पोलोनिना म्हणतात. मे महिन्यात मेंढ्या वर जातात, सप्टेंबरात उतरतात. पहिल्या दिवशी झोपडीत पेटवलेला विस्तव खाली उतरेपर्यंत विझू द्यायचा नाही. माणदेशी धनगरांचे वाडे मी लहानपणी पाहिलेत, त्यामुळे खालून घंटांचा आवाज आला तेव्हा लेकीआधी मीच थांबलो. कळप उतरत होता. मेंढपाळाने आमच्याकडे बघून काहीतरी विचारलं. लेक हसत हसत म्हणाली, "ही बाबा कुठली, असं विचारतोय."

दुपारी झुलत्या पुलावरून नदी ओलांडली. याच पाण्यातून ओंडक्यांचे तराफे खाली सोडत. वरती लाकडी बांध घालून पाणी अडवायचं आणि एकदम सोडायचं, की तराफे त्या लोंढ्यावर स्वार. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते थांबलं. लाकूड आता ट्रकने जातं. उतारावरची झाडं गेली की काय होतं ते इथल्या लोकांना 2008 च्या पुराने दाखवलं.

संध्याकाळची मार्शरुत्का वेळेवर आली. आजींनी गाडीच्या दारातून अळिंब्यांची माळ आत सरकवली. "तातो," मला म्हणाल्या, आणि पुढचं मला कळलं नाही.

*

24 फेब्रुवारी 2022 ला सकाळी इव्हानो-फ्रान्किव्स्कच्या विमानतळावर क्षेपणास्त्रं पडली. लेक शेवटच्या वर्षाला होती. मित्रमैत्रिणींबरोबर बसने रोमेनियाच्या सीमेकडे निघाली, शेवटचे काही किलोमीटर चालत. त्या दिवसांबद्दल ती अजून फार बोलत नाही. सीमेवरच्या रांगेत असताना तिच्या फोनवर आजींचा निरोप आला होता: शहरात राहू नको, वर ये, घर मोठं आहे. तो तिने वाईत आल्यावर ऐकला.

2023 पासून तिथल्या चर्चने पंचांग बदललं. नाताळ आता 25 डिसेंबरला. आजींच्या मते तेरा दिवस लवकर गायल्यामुळे शेजारच्या गाईने दूध कमी केलं.

लिझ्निक आमच्याकडे आहे. वाईच्या उन्हाळ्यात त्याचं काय करायचं हा प्रश्नच आहे. कपाटातून मेंढीचा वास येतो म्हणून बायकोची कुरकुर असते. गेल्या मे महिन्यात शेवटी ते कृष्णेवर नेलं. मशीन नको, वाहतं पाणी हवं. लेकीने एक टोक धरलं, मी दुसरं. ओलं झाल्यावर ते इतकं जड झालं की दोघंही गुडघ्यापर्यंत पाण्यात ओढले गेलो. घाटावर धुणं धुणाऱ्या एका बाईंनी बघितलं, पाण्यात उतरून मधला भाग उचलून धरला.

"चांगली घोंगडी आहे," म्हणाल्या. "कुठल्या धनगराकडची?"

"लांबच्या," लेक म्हणाली.